आमच्या खांद्यावरची बंदूक उतरवा

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली
(प्रत : मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई)

डिसेंबर २०२५

महोदय,



भोसरीच्या एमआयडीसीत माझे एक लहानसे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, तीन जुने लेथ, दोन ड्रिलिंग मशीन आणि सतरा माणसे. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या कंपन्यांना आम्ही माल देतो, म्हणजे साखळीतली तिसरी कडी. हे काम १९९६ पासून करतो. त्याआधी आयटीआय झालेला टर्नर म्हणून अकरा वर्षे दुसऱ्यांच्या लेथवर उभा होतो. पगार घेणे आणि पगार देणे, दोन्ही मला ठाऊक आहे, एवढ्यासाठी हे सांगितले.

गेल्या महिन्यात वेतन संहिता लागू झाल्याची बातमी आली. त्याच आठवड्यात डीबरिंगच्या टेबलावर बसणाऱ्या एका पोराने मला विचारले, "साहेब, आता सरकारचा देशभरचा मजुरीचा दर किती?" मी म्हटले, "अजून जुनाच आहे, १७८ रुपये." त्याच्या हातातली कानस थांबली. तो म्हणाला, "अर्ध्या दिवसाचा का?"

"नाही रे, पूर्ण दिवसाचा," हे त्याला सांगताना माझी मान खाली गेली. खरे तर हे सांगायचे काम माझे नव्हते. ते आपले आहे, म्हणून हे पत्र.

आकडे आपल्याला माहीत आहेत, तरी एकदा माझ्याबरोबर मांडून पाहा. १७८ रुपयांनी महिन्याचे २६ दिवस धरले तर ४,६२८ रुपये होतात. माझ्याकडची दोन पोरे चक्रपाणी वसाहतीत एका खोलीत राहतात. तिचे भाडे साडेपाच हजार आहे, लाइटबिल वेगळे. म्हणजे आपल्या दराने महिनाभर राबणाऱ्या माणसाला भोसरीतली एक खोलीसुद्धा परवडत नाही. डाळ-तांदळाचा, पोराच्या वहीचा, गावाकडे पाठवायच्या पैशांचा हिशेब तर अजून सुरूही झालेला नाही. हा आकडा ठरवताना कुणाचे घर डोळ्यांसमोर होते?

महाराष्ट्राचे दर याहून बरेच वर आहेत आणि ते मी देतो, हे खरे. मग १७८ शी माझे काय देणेघेणे, असे आपले अधिकारी विचारतील. ते पुढे सांगतोच. आधी या १७८ ची कुळकथा सांगू द्या, कारण ती आपल्याच कार्यालयात घडली आहे.

राष्ट्रीय किमान दर १९९६ मध्ये ३५ रुपयांपासून सुरू झाला. जून २०१७ मध्ये तो १७६ होता. २०१९ च्या फेब्रुवारीत डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीने आपल्या मंत्रालयाला अहवाल दिला. समिती आपणच नेमलेली, निकष आपणच घालून दिलेले. माणशी रोज २,४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिने, ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, वर कपडालत्ता, भाडे, औषधपाणी आणि शिक्षण धरून समितीने सांगितले की दिवसाला निदान ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये लागतील. शहरात राहणाऱ्याला घरभाड्यापोटी आणखी ५५ रुपये रोज. ४ जुलै २०१९ रोजी संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीत किमान वेतनावर एक अख्खे प्रकरण होते आणि देशातल्या दर तीन मजुरांपैकी एक जण किमान वेतन कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहे, अशी कबुली त्यात होती. त्याच जुलैत मंत्रालयाने दर जाहीर केला : १७८ रुपये.

दोन वर्षांत दोन रुपये. समितीने ३७५ सांगितले असताना १७८ कोणत्या कागदावर लिहून काढले, तो कागद आजतागायत कुणी दाखवलेला नाही. समितीचे गणित चुकले होते का? चुकले असेल तर कुठे, ते सांगायला हवे होते. अहवाल फेटाळलाही नाही आणि स्वीकारलाही नाही. दोन वर्षांनी, जून २०२१ मध्ये, त्याच कामासाठी प्रा. अजित मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक तज्ज्ञगट नेमला आणि त्याला तीन वर्षांची मुदत दिली. माझ्या वर्कशॉपमध्ये एखाद्या जॉबचे माप एकदा घेतल्यावर त्याच गेजने ते पुन्हा पुन्हा घेत बसलो, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी माल उचलून नेईल. आपले गिऱ्हाईक कुठे जाणार?

संहितेचेही तेच. २ ऑगस्ट २०१९ रोजी राज्यसभेने ती मंजूर केली, त्याच महिन्यात राष्ट्रपतींची सही झाली. देशातल्या ५० कोटी कामगारांना किमान वेतनाचा हक्क मिळेल असे तेव्हा सरकारने सांगितले होते. आम्ही ते खरे मानले. मीच आमच्या पोरांना जमवून ती बातमी वाचून दाखवली होती. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. सहा वर्षांहून अधिक काळ. किमान दराचा फेरविचार पाच वर्षांपेक्षा जास्त लांबवू नये, असे ही संहिताच सांगते, आणि ती कपाटात असतानाच १७८ ने पाच वर्षे ओलांडली. जुना दर बंधनकारक नव्हता, राज्यांचे नियम तयार नव्हते, अशी उत्तरे मला पाठ आहेत. दर बंधनकारक करणारा कायदाच जर सहा वर्षे अडकून राहिला, तर त्या सहा वर्षांची मजुरी कुणाच्या नावावर मांडायची?

या काळात महागाई थांबली नव्हती, हे आपल्याइतके कुणालाच माहीत नसेल. औद्योगिक कामगारांच्या खर्चाचा निर्देशांक आपल्याच मंत्रालयाचे लेबर ब्युरो दरमहा काढते. त्याच निर्देशांकावरून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ठरतो. जुलै २०१९ मध्ये तो मूळ वेतनाच्या १७ टक्के होता, जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के झाला. कर्मचाऱ्यांना तो मिळू नये असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनाही दूध-भाजी आमच्याच भावाने घ्यावी लागते. पण ज्या कामगारांच्या चुलीवरून हा निर्देशांक काढला जातो, त्यांच्याच दरात तो का दिसत नाही?

आणखी एक गोष्ट. १९५७ मध्ये नवी दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली होती. कामगाराच्या कुटुंबाला किती अन्न, किती कापड, किती जागा लागते, यावरून किमान वेतन काढायचे सूत्र तिथे सरकार, मालक आणि कामगार यांनी मिळून मान्य केले. वर्षाला ७२ यार्ड कापड, इतक्या तपशिलात. सातव्या वेतन आयोगाने सरकारी नोकराचे सर्वांत कमी वेतन १८,००० रुपये ठरवताना हेच सूत्र हाताशी धरले आणि १ जानेवारी २०१६ पासून सरकारने ते दिलेही. म्हणजे सूत्र आपल्याला येते, मान्यही आहे. श्रमशक्ती भवनाच्या आतल्या शिपायाला जे सूत्र लागू पडते, ते भवनाबाहेर फुटपाथची फरशी बसवणाऱ्याला का लागू पडत नाही? त्याच्या पोटाला वेगळ्या कॅलरी लागतात का?

आता माझ्याकडे येतो.

किमान वेतन वाढवायचा विषय निघाला की कुणीतरी उठून म्हणते, "लहान उद्योग बंद पडतील." उद्योगसंघटनांची निवेदने, दूरचित्रवाणीवरच्या चर्चा, समित्यांच्या बैठका, सगळीकडे आमचेच नाव पुढे केले जाते. मोठ्या कंपन्यांचा ताळेबंद कुणी पुढे करत नाही. ही बंदूक आमच्या खांद्यावर ठेवून चालवली जाते आणि गोळी आमच्याच माणसाला लागते. मी या परिसरात तीस वर्षे आहे. बंद पडलेली वर्कशॉपे डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मशीनच्या लिलावात उभा राहिलो आहे. कुणी मुख्य गिऱ्हाईक गेल्यामुळे बसला, कुणी बिले थकल्यामुळे, कुणी बँकेच्या हप्त्यापायी, एक जण भावांच्या वाटणीत. हेल्परला कायद्याचा पगार दिला म्हणून बुडालेला एकही मला आठवत नाही.

माझे कॉस्टिंग आपल्यासमोर ठेवतो. आम्ही जॉबवर्क करतो, कच्चा माल गिऱ्हाइकाचा असतो. मला मिळणाऱ्या शंभर रुपयांतले साधारण २६ रुपये पगार, पीएफ आणि ईएसआयमध्ये जातात. बाकीचे वीज, इन्सर्ट, कूलंट, मशीनचा हप्ता, जागेचे भाडे आणि टेम्पो यांत. उद्या सगळ्यांचा पगार दहा टक्क्यांनी वाढवा. माझा खर्च शंभराला २ रुपये ६० पैशांनी वाढेल. आम्ही केलेला भाग ज्या गाडीत बसतो, त्या गाडीच्या किमतीत हे पैसे कुठे दिसणारही नाहीत.  वीजदर वाढतो तेव्हा मंत्रालयातून कुणी आमच्या काळजीने उठत नाही.

आम्हाला पगाराने त्रास होतो तो एकाच वेळी : शेजारचा तो देत नसेल तेव्हा. मागच्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पर्चेसमधून फोन आला, "दुसरा पुरवठादार तुमच्यापेक्षा बारा टक्के कमी भाव देतोय, जमवा नाहीतर ऑर्डर हलवावी लागेल." मी रात्री कागद घेऊन बसलो. मशीन त्याचेही त्याच कंपनीचे. इन्सर्ट एकाच दुकानातले, विजेत फार फरक नाही, बँकेचे व्याजही जवळपास तेच. मग बारा रुपये कुठून काढले? माझ्या २६ मधून बारा काढले तर निम्मा पगार जातो. नंतर कळले, काम परराज्यात गेले होते, जिथे दर आपल्याकडच्यापेक्षा खूप खाली आहे आणि तपासायला कुणी फिरकत नाही. १७८ शी माझा संबंध हा असा आहे. देशाची जमीनच इतक्या खाली ठेवली की तिच्यावर उभे राहून कुणीही माझ्या माणसाच्या भाकरीवर बोली लावू शकतो. तीच जमीन दोन-तीनशे रुपयांनी वर आली तर स्पर्धा मशीनवर होईल, मालाच्या दर्जावर होईल. त्या स्पर्धेला मी आजही तयार आहे.

परराज्याचे कशाला, आमच्याच गल्लीत काय चालते ते सांगतो. नाव घेत नाही, कारण एकाचे घेऊन उपयोग नाही. एका ठेकेदाराची माणसे दोन ठिकाणी सह्या करतात. एका मस्टरवर पूर्ण दर, तो तपासणीसाठी. बँकेत पैसेही पूर्ण जमा होतात. त्याच संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस गेटवर उभा राहतो आणि ज्याने त्याने काढून आणलेले तीन-तीन हजार परत घेतो. काहींची एटीएम कार्डे तर त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतात, मागे पिन लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवून. तो ड्रॉवर मी स्वतः पाहिला आहे. आपल्या संहितेत कमी वेतन दिल्याचा दंड ५० हजार रुपयांपर्यंत आहे. जुन्या कायद्यातल्या ५०० रुपयांपेक्षा तो नक्कीच बरा. पण वीस माणसांकडून तीन-तीन हजार परत घेणाऱ्याला महिन्याला ६० हजार मिळतात. पकडला गेलाच तर दंड एका महिन्यात फिटतो. शिवाय संहिता म्हणते, आधी त्याला सुधारायची संधी द्या. निरीक्षकाला आता सुविधाकारही म्हटले आहे. सुविधा कुणाची, हे गेटवर तीन हजार मोजून देणाऱ्याला कुणी सांगेल का?

१९६१ मध्ये केरळातल्या कौलांच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की किमान वेतन ठरवताना मालकाला ते झेपते की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम ही घटनेने मनाई केलेली वेठ आहे. मालक म्हणून हे निकाल मला जाचक वाटायला हवेत. वाटत नाहीत, कारण कायदा पाळणाऱ्या मालकाचे रक्षण त्यांतूनच होते.

पगार वाढल्याने माझे काय झाले, तेही लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी मी सगळ्यांचा पगार राज्याच्या दरापेक्षा थोडा वर नेला. त्यात माझे शहाणपण फारसे नव्हते. दर दिवाळीला तीन-चार पोरे गावाला जाऊन परतच येत नव्हती आणि नवीन माणूस शिकेपर्यंत रिजेक्शनचा ढीग लागायचा. एक नवखा पोरगा मायक्रोमीटर धरायला शिकतो तोवर दीड-दोन महिने जातात आणि तोवर तो जो माल बिघडवतो, तो त्याच्या पगारवाढीपेक्षा महाग पडतो. पगार वाढवल्यावर माणसे टिकली, रिजेक्शन उतरले. पण त्याच वर्षी एका ड्रिलिंगच्या कामासाठी मी फिक्स्चर बनवून घेतले आणि तिथली एक जागा भरली नाही. पगार कमी असता तर कदाचित भरली असती. म्हणजे एक जागा गेली, हे मी मान्य करतो. पण उरलेल्या सतरा जणांच्या घरी किराणा उधारीवर यायचा थांबला. समोरच्या दुकानदाराच्या वहीत आमच्या पोरांची पाने होती, आता दोन-तीनच उरली आहेत, हे त्यानेच सांगितले. माझ्या नफ्यातला तो पैसा म्युच्युअल फंडात गेला असता. आता तो भोसरीतच फिरतो.

जाणकार मंडळी यावर जगभरचे अभ्यास सांगतात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९९२ मध्ये तासाचा दर सव्वाचार डॉलरवरून ५ डॉलर ५ सेंटवर नेला. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट-फूडची दुकाने तपासली, तेव्हा नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. त्यावर वादही झाले, आजही होतात, पण कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. जर्मनीने २०१५ मध्ये साडेआठ युरोंचा दर आणला, तेव्हा लाखो नोकऱ्या जातील असे भाकीत होते. तसे झाले नाही. कमी पगाराच्या जागेवरून माणसे बऱ्या पगाराच्या, अधिक चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांत गेली. याचे कारण समजायला मला पुस्तक लागत नाही. सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला भाव करता येत नाही. साडेनऊ वाजले की तो मिळेल त्या दराने टेम्पोत चढतो. त्याचे काम त्या दराएवढ्याच किमतीचे असते म्हणून नव्हे, त्याला थांबायला जागा नसते म्हणून. किमान दर म्हणजे त्याला थांबायला दिलेली जागा.

पण परदेशी कशाला जायचे? आपल्या महाराष्ट्राचाच एक धडा आहे आणि तो माझ्या बाजूने पूर्ण पडत नाही, तरी सांगतो. १९७२ च्या दुष्काळातून इथे रोजगार हमी योजना (रोहयो) उभी राहिली, मागेल त्याला काम हे तिचे वचन. १९८८ मध्ये शेतमजुरीचा किमान दर दुप्पट झाला आणि रोहयोची मजुरीही त्याबरोबर दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले की त्यानंतर कामाचे दिवस घटले आणि मागेल त्याला काम मिळेनासे झाले. पगारवाढीला विरोध करणारे हे उदाहरण देतात. मला त्यात दुसरेच दिसते. दर वर्षानुवर्षे गोठवून ठेवला, मग एका झटक्यात दुप्पट केला, आणि त्या प्रमाणात कामे मात्र काढली नाहीत. त्याचा भार ज्याने काम मागितले त्याच्यावर पडला. आज आपण १७८ सहा वर्षे गोठवून तीच चूक देशभर करत आहात. उद्या न्यायालयाच्या किंवा निवडणुकीच्या धक्क्याने तो एकदम ४०० झाला, तर खरोखरच काही लहान मालक कोलमडतील. तेव्हा दोष पगारवाढीला देऊ नका. तो या सहा वर्षांचा असेल.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. दर वर्षी ठरलेल्या तारखेला वाढवा. ब्रिटनमध्ये १९९९ पासून दर लागू आहे. तिथे मालक, कामगार आणि तज्ज्ञ यांचा एक आयोग दरवर्षी शिफारस करतो आणि कारणे छापतो. मालकाला वर्षभर आधी अंदाज येतो, तो कोटेशनमध्ये धरतो. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्याची आम्हाला सवय आहे. त्याने कुणाचे शटर पडले नाही. त्रास होतो तो मूळ दर वर्षानुवर्षे पडून राहतो आणि मग अचानक उडी मारतो त्याने. ही उडी आपण आणि आपले राज्यातले सहकारी, दोघेही टाळू शकता. टाळत का नाही?

आम्हाला वाचवायचेच असेल तर आमची बिले मिळवून द्या. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. माझी दोन मोठी गिऱ्हाइके आजही नव्वद-शंभर दिवसांनी पैसे देतात आणि व्याज मागितले तर पुढची ऑर्डर येणार नाही, हे न सांगता कळते. पगार मात्र मला ७ तारखेला द्यावाच लागतो, तो द्यायला मी ओव्हरड्राफ्ट काढतो. पगारापायी आम्ही बुडू ही काळजी खरी असेल, तर ती या थकबाकीत का दिसत नाही? हे खाते आपले नाही असे म्हणाल. मंत्रिमंडळ तर एकच आहे.

शासन स्वतः काय करते, हेही पाहावे. शासकीय कचेऱ्यांची सफाई, सुरक्षा, रुग्णालयांतले वॉर्डबॉय यांच्या निविदा सर्वांत कमी दर भरणाऱ्याला जातात. किमान वेतन, पीएफ, ईएसआय आणि जीएसटी धरून बेरीज केली तर जो दर शक्यच नाही, तो दर भरणारा ठेकेदार निवडला जातो. ती बेरीज करायला पाच मिनिटे लागतात. टेंडर उघडणाऱ्या टेबलावर ती कुणी का करत नाही? अंगणवाडी सेविका, आशा यांना तर आपण मजुरीच देत नाही, मानधन देता. काम रोजचे, नोंदवह्या रोजच्या, आणि शब्द बदलला की कायदा सुटला. २०१३ च्या श्रम परिषदेत या बायकांना कामगार माना आणि किमान वेतन द्या अशी शिफारस झाली होती. २०१५ नंतर ती परिषदच भरलेली नाही. दहा वर्षांत मालक, कामगार आणि सरकार यांना एका टेबलावर बसवायला आपल्याला एक दिवस मिळाला नाही का? मला त्या परिषदेला बोलावू नका, पण माझ्यासारख्या कुणाला तरी बोलवा. आमच्या नावाने बोलणारे तिथे पुष्कळ असतात.

आपल्याच सरकारने २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये ठरवला आहे. तोही कमीच आहे. तरी सरकारच्या एका हाताला ३१२ माहीत आहेत आणि दुसऱ्या हाताने १७८ धरून ठेवले आहेत. संहिता आता लागू आहे आणि राष्ट्रीय दर जाहीर करायचा अधिकार तिने थेट केंद्राला दिला आहे. राज्यांकडे बोट दाखवायची सोय त्यात नाही. सत्पथी समितीचे ३७५ हे जुलै २०१८ च्या किमतींवरचे होते. आपल्या लेबर ब्युरोच्या निर्देशांकाने ते आजच्या किमतीला आणायला एक कारकून आणि एक कॅल्क्युलेटर पुरे. जो दर जाहीर कराल, त्याच्यामागचा हिशेब छापून जाहीर करा. किती भाकऱ्या धरल्या, किती भाडे धरले, हे आम्हाला वाचता यावे.

या पत्राची पोच आपल्या कार्यालयाकडून येईल, तशी ती येतेच. मला पोच नको, तारीख हवी. नवा दर कोणत्या तारखेपासून आणि किती, एवढे दोन ओळींत कळवले तरी चालेल. ती चिठ्ठी मी पंचिंग मशीनशेजारच्या फळ्यावर लावीन. डीबरिंगच्या टेबलावरचा पोरगा रोज सकाळी त्याच फळ्यासमोरून आत येतो.

आपला,
भोसरी एमआयडीसीतील एक लघुउद्योजक